तपकिरी आंबेटाकळी

साहेबांच्या टेबलावर दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि दोन्हींच्या पडद्यावर एकाच गावाचे फोटो होते. साहेबांच्या मोबाईलवर उकिरडा, तुंबलेली नाली, चाकापर्यंत चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आणि नळाखालच्या बादलीत गढूळ पाणी. भालेराव बाईंच्या मोबाईलवर पाच-सहा तरुण नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, हनुमानाचं मंदिर, बुद्धविहारासमोर काढलेला सगळ्यांचा फोटो आणि शाळेचं स्नेहसंमेलन. गाव आंबेटाकळी. लिंक तीच, असं साहेब म्हणत होते. लिंक तीच, असं बाईही म्हणत होत्या. यात खोटं कोण बोलतंय हे सांगायला मला बोलावलं होतं.

मी परभणीत एका सरकारी कार्यालयात कंत्राटी तांत्रिक सहाय्यक आहे. दारावर ‘आयटी सेल’ अशी पाटी आहे. आत मी असते आणि दोन प्रिंटर असतात, त्यातला एक चालतो. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं झालं, पण दिवसाचा मोठा भाग अडकलेला कागद ओढून काढण्यात जातो. त्यामुळे कुणी खरोखर कॉम्प्युटरचं काही विचारलं की मला मनापासून आनंद होतो. तो चेहऱ्यावर दिसू नये याची मी काळजी घेते, कारण आमच्याकडे आनंदी दिसणाऱ्या माणसाला लगेच जास्तीचं काम मिळतं.

मामला असा होता. स्वच्छ गावांच्या स्पर्धेत जिल्ह्यातून एक गाव विभागाकडे पाठवायचं होतं. शेवटी दोन गावं उरली होती. एक पिंगळीजवळचं आंबेटाकळी, जिथं भालेराव बाई ग्रामसेविका आहेत. दुसरं जिंतूरकडचं धारवाडी. दोन्ही प्रस्ताव तपासायचं काम आमच्या कार्यालयातले विस्तार अधिकारी गव्हाणे साहेब करत होते. मधेच कुठल्याशा ग्रुपवर एक लिंक फिरली. ‘हेच का ते स्वच्छ गाव? एक जागरूक नागरिक.’ फिरत फिरत ती आमच्या मोठ्या साहेबांच्या, म्हणजे कार्यालयप्रमुखांच्या, मोबाईलवर आली. साहेबांनी बोट लावलं, उकिरडा दिसला, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत भालेराव बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली. एरवी आमच्याकडे साध्या रजेच्या अर्जाला महिना लागतो.

नोटीस म्हणजे नुसता कागद नव्हता. बाईंच्या बढतीची यादी तयार होत होती. नोटीस चालू असली की नाव यादीतून बाजूला काढतात, आणि एकदा बाजूला काढलेलं नाव परत आत कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय नोटिशीत ‘खोटी माहिती देऊन शासनाची दिशाभूल’ असं लिहिलेलं होतं. पहाटे नाल्यांवर उभं राहून गाव साफ करून घेणाऱ्या बाईला हे वाक्य लागलं होतं. त्या बसल्याही नव्हत्या, उभ्याच होत्या.

“नोटिशीतल्या लिंकचं एकेक अक्षर बघून मोबाईलात टाकलंय मी,” त्या म्हणाल्या. “कुठं हाय उकिरडा, दाखवा की साहेब.”

साहेबांनी आपला मोबाईल पुढे सरकवला. बाईंनी आपला. पाचव्यांदा असेल. शेजारी खुर्चीवर गव्हाणे साहेब बसले होते आणि दर वेळी उकिरड्याकडे बघून चुकचुकत होते.

मी दोन्ही लिंका मागितल्या. साहेबांच्या मोबाईलवरची लिंक मी माझ्याकडे पाठवून घेतली. नोटिशीतली कागदावर होतीच. कागदावरची एका ओळीत मावली होती. मोबाईलवरची पडदाभर पसरली होती, वर सरकवत गेलं तरी संपत नव्हती. नोटीस आमच्या बडे बाबूंनी टाईप केली होती. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. मी त्यांना बोलावून विचारलं, बाकीची लिंक कुठं गेली?

“काढली की,” ते म्हणाले. “केवढं शेपूट होतं मॅडम त्याला. टक्के, बरोबर, कोलन, परत टक्के. शासकीय पत्रात असलं लिवतेत का कुठं?”

बडे बाबूंचं एक तत्त्व आहे. पत्र एका पानात बसलं पाहिजे आणि सहीखाली दोन बोटं जागा उरली पाहिजे. लिंकमध्ये जिथपर्यंत त्यांना गावाचं नाव ओळखू आलं तिथपर्यंत त्यांनी ठेवलं आणि पुढचं कचरा समजून तोडलं. सही करताना साहेबांनी लिंक वाचली नाही. लिंक कोण वाचतं? लिंकवर बोट लावतात.

इथं थोडं कामातलं सांगते. आपण सर्च इंजिनमध्ये काही शोधलं की वर पत्त्याच्या पट्टीत एक लांबलचक पत्ता तयार होतो. त्यात प्रश्नचिन्ह येईपर्यंत नुसतं ठिकाण असतं, म्हणजे कुणाकडे जायचं ते. प्रश्नचिन्हाच्या पुढे असतात त्या सूचना. त्यांना आम्ही पॅरामीटर म्हणतो. हॉटेलात आपण चहा सांगतो, मग म्हणतो साखर कमी, आलं घाला, अर्धाच द्या. तसंच आहे हे. ‘क्यू’ आणि बरोबरची खूण यांच्यापुढे असतो तो चहा, म्हणजे तुम्ही शोधलेला शब्द. त्यानंतरच्या सूचना ‘आणि’च्या खुणेनं जोडलेल्या असतात. भाषा कोणती, कितवं पान, बातम्या हव्यात की फोटो, कधीपासून कधीपर्यंतचे. शोधायच्या चौकटीत फक्त चहा दिसतो. साखर किती सांगितली ते पत्त्यातच राहतं, आणि लिंक पुढे पाठवली की सगळ्या सूचना तिच्याबरोबर जातात. बाईंनी नुसता चहा मागितला होता. साहेबांना कुणीतरी आधीच काहीतरी घालून दिलेला मिळाला होता.

काय घातलं होतं ते बघायला मी माझ्या टेबलावर गेले. मला वाटलं होतं तारखेचा खेळ असेल, आणि तो होताच. ‘टीबीएस’ नावाची एक सूचना असते, तिच्यात निकाल गाळायच्या अटी बसतात. तिथं शेवटची तारीख घातलेली होती, आणि ती भालेराव बाई आंबेटाकळीत रुजू होण्याच्या आधीची होती. म्हणजे साहेब जो उकिरडा बघत होते तो बाईंच्या आधीच्या काळातला होता. फोटोंच्या पानावर तारखा ठळक दिसत नाहीत, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पण त्याच अटीत अजून काहीतरी होतं. ‘आयएससी कोलन ब्राऊन.’ मी दोनदा वाचलं. फोटो शोधताना रंग निवडायची सोय असते, शाळेचे प्रकल्प करणाऱ्या मुलांना ती माहीत असते. लाल निवडलं की लाल फोटो येतात. इथं कुणीतरी तपकिरी निवडलं होतं. तपकिरी आंबेटाकळी मागितल्यावर चिखल, उकिरडा आणि गढूळ पाणी येणार नाही तर काय येणार? मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं. आमच्या कार्यालयात इतकं डोकं चालवून काम झालेलं मी फार क्वचित पाहिलंय.

साहेबांना हे समजावून सांगायला गेले तेव्हा आत ते, बडे बाबू, बाई आणि गव्हाणे तसेच होते. रंगाचं कुणालाच पटेना. गव्हाणे तर म्हणाले, यंत्राला कुठं रंग कळतो. मी वाद घातला नाही. साहेबांसमोर आमच्याच कार्यालयाचं नाव टाकलं आणि तपकिरी लावलं. पहिला फोटो आमच्या जिन्याच्या कोपऱ्याचा आला, पानाच्या पिचकाऱ्यांसकट. दुसरा आमच्या गच्चीवरच्या भंगार कपाटांचा. कुणी काढले असतील कोण जाणे. साहेबांनी हात पुढे करून माझ्या मोबाईलचा पडदा स्वतः बंद केला.

मग म्हणाले, “हिरवा रंग पण चालतो का?”

चालतो म्हटलं.

मला वाटलं आता नोटीस मागे घेतील. त्यांनी आधी जिल्ह्याचं नाव टाकून हिरवा लावायला सांगितला. गंगाखेडचा ऊस आला, जिंतूरकडचं सोयाबीन आलं, एका साडीच्या दुकानाची जाहिरात आली. साहेबांचा चेहरा खुलला. साडी काढता येते का, त्यांनी विचारलं. आढावा बैठकीत जिल्ह्याची प्रगती दाखवायला ही लिंक किती कामाची आहे यावर ते बराच वेळ बोलले. बडे बाबू मान हलवत होते. भालेराव बाई हातात नोटीस धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मला त्या वेळी साहेबांचा आलेला राग आजही गेलेला नाही.

मी नोटिशीचा विषय काढला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मला थांबवलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. हे केलं कुणी?

पाठवणाऱ्याचं नाव लिंकमध्ये नसतं. पण एक गोष्ट असते. सर्च इंजिन एक ‘क्यू’ ठेवतं, आणि बरेचदा त्याच्यासोबत ‘ओक्यू’ नावाचा दुसराही ठेवतं. तुम्ही चौकटीत सुरुवातीला हातानं काय टाईप केलं होतं ते या ओक्यूमध्ये राहतं. पुढे कुणी पत्त्यातला क्यू हातानं बदलला तरी ओक्यू आहे तसाच राहतो. साहेबांच्या लिंकमध्ये क्यूमध्ये इंग्रजी अक्षरांत आंबेटाकळी होतं. ओक्यूमध्ये टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची रांग होती. मराठी अक्षरं पत्त्यात शिरली की त्यांचं असं होतं. बडे बाबूंना ते शेपूट कचरा वाटलं होतं तेही त्यामुळेच, आणि लिंक बनवणाऱ्यालाही तसंच वाटलं असावं. त्यानं क्यू बदलला, रंग बदलला, तारीख घातली, आणि न कळणाऱ्या रांगेला हात लावला नाही.

ती रांग परत मराठीत उलगडायला फार काही लागत नाही. मी उलगडली. त्यात लिहिलं होतं, धारवाडी.

धारवाडीचा प्रस्ताव फाईलमध्ये होता. त्याच्या पहिल्या पानावर क्यूआर कोडचा स्टिकर होता. मी तो साहेबांसमोर स्कॅन केला. धारवाडीचे फोटो आले, सगळे हिरवेगार. पत्ता तोच, टक्क्यांची तीच रांग, रंगाच्या जागी फक्त ग्रीन. धारवाडीचे सरपंच हे गव्हाणे साहेबांचे सख्खे भाऊ, आणि प्रस्तावाला ‘डिजिटल स्वरूप’ आपणच दिलं हे गव्हाण्यांनी मागच्या बैठकीत स्वतःच सांगून टाळ्या घेतल्या होत्या. साहेब फाईलकडे बघत बसले. कार्यालयात एखाद्याचं पाप सापडलं की ते लिहून काढण्याची मेहनत साहेबालाच करावी लागते. वर आपण लिंक न वाचता नोटीस काढली हेही लिहावं लागतं. ते सगळं त्यांच्या मनात हळूहळू चढत गेलेलं मला दिसत होतं.

त्यांनी बडे बाबूंना आत घेतलं आणि मजकूर सांगितला. नोटिशीत नमूद केलेली लिंक तपासली असता काहीही आक्षेपार्ह आढळून आले नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात यावे. म्हणजे फाईल बंद. पॅरामीटर नाही, रंग नाही, गव्हाणे नाहीत. नोटिशीतली लिंक तोडलेली होती आणि तोडलेल्या लिंकमध्ये खरंच काही आक्षेपार्ह नव्हतं, वाढदिवसाचे फ्लेक्स सोडले तर. बडे बाबू एकदम ताठ झाले. आपण शेपूट तोडलं म्हणून बाई वाचल्या, असं ते पुढे कितीतरी दिवस सांगत फिरत होते.

बाईंना आत बोलावून मजकूर वाचून दाखवला. त्यांनी आभार मानावेत म्हणून सगळे थांबले होते.

“साहेब, नोटिशीत लिहिलंय गाव घाण हाय,” त्या म्हणाल्या. “आता तुमी लिहायलात की लिंक चांगली हाय. गाव साफ हाय हे कुठं लिहिलंय?”

साहेब म्हणाले, तुमच्या बढतीला अडचण राहिली नाही, आणखी काय हवं?

“उद्या कुणी फाईल काढली तर काय वाचंल? बाईवर घाणीचा आरोप होता, लिंकमधी काही सापडलं न्हाई म्हणून सुटली. गाव माझं एकटीचं हाय का? तिथल्या बायका पहाटं उठून झाडायलेत. त्यांना मी हा कागद दाखवू?”

गावाबद्दल असं लिहायचं तर प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल, साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी अडचण म्हणून सांगितलं होतं.

“मग करा की. लांब हाय का?”

पिंगळी हे परभणीला लागूनचं स्टेशन. तिथून आंबेटाकळीला जायला पक्की सडक आहे. या प्रकरणात नोटीस निघाली, खुलासा आला, लिंका उघडल्या, जिल्हा हिरवा झाला, आणि गावात जाऊन बघावं हे तोपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा. मी तर धारवाडीपर्यंत पोचले होते, तेही खुर्चीवरून न उठता.

साहेब मोठे हुशार. त्यांनी क्षणभर विचार केला, बेल वाजवली आणि गव्हाणे साहेबांना बोलावून घेतलं. म्हणाले, आंबेटाकळीची पाहणी तुम्ही करा, आत्ताच निघा, भेट पुस्तिकेत शेरा लिहून या. मॅडम फोटो काढायला बरोबर येतील. गव्हाण्यांनी डोकं दुखत असल्याचं सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या ड्रॉवरमधून गोळी काढून दिली.

आम्ही जीपनं गेलो. गाव साफ होतं. मी फार वर्णन करत नाही, कारण साफ गावाचं वर्णन करण्यासारखं काही नसतं. नाल्या वाहत्या होत्या, कोपऱ्यावर घाण नव्हती, नळाचं पाणी पाण्यासारखं होतं. गव्हाणे साहेब मात्र प्रत्येक नालीत वाकून बघत होते. एका गोठ्यामागे ते बराच वेळ होते. तिथून एक म्हातारा आला आणि काही हरवलंय का म्हणून विचारपूस करून गेला. मी फोटो काढत होते तेव्हा भालेराव बाई म्हणाल्या की उकिरडा होता तेव्हा पेपरवाले येऊन फोटो काढून गेले, उकिरडा गेल्यावर कुणी आलं नाही. साफ नालीचा फोटो कोण काढतंय मॅडम, त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की त्यांच्या लिंकमध्ये फक्त वाढदिवस आणि स्नेहसंमेलनंच का दिसत होती.

ग्रामपंचायतीत भेट पुस्तिका असते. येणाऱ्या अधिकाऱ्यानं काय पाहिलं ते तिच्यात स्वतःच्या हातानं लिहून सही करायची असते. बाईंनी ती उघडून गव्हाण्यांसमोर ठेवली आणि पेन दिला. गव्हाण्यांनी लिहिलं, गाव साधारण स्वच्छ आढळले.

“साधारण काढा साहेब,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “कुठं घाण सापडली आसंल तर त्या जागेचं नाव लिहा. नसंल सापडली तर साधारण कामून?”

गावातल्या चार बायका आणि सरपंच दाराशी उभे होते. गव्हाण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलमध्ये बघत राहिले. त्यांनी साधारण खोडलं, खोडलेल्या जागी छोटी सही केली आणि खाली मोठी सही केली. बाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी तो सगळा प्यायला.

परतताना पिंगळीच्या फाटकाशी जीप थांबली, मालगाडी जात होती. गव्हाणे पुढच्या सीटवरून मागे न वळता बोलले.

“मॅडम, एक विचारू का? लिंक कुणी पाठवली ते कळायलंय का तुमाला त्यातून?”

“कुणी पाठवली ते नाही कळत,” मी म्हटलं. “आधी कोणत्या गावाचं नाव टाकलं होतं, तेवढं कळतं.”

मालगाडी लांबलचक होती.

पुढचं थोडक्यात. नोटीस रद्द झाली, नुसती नस्तीबद्ध नाही, रद्द. कारण म्हणून प्रत्यक्ष पाहणी लिहिली गेली. बाईंचं नाव यादीत आलं आणि त्यांना बढती मिळाली. धारवाडीनं काही अपरिहार्य कारणास्तव प्रस्ताव मागे घेतला. गव्हाणे साहेबांना शिक्षा झाली नाही. साहेबांनी त्यांच्याकडे डिजिटल प्रसिद्धीचा अतिरिक्त कार्यभार दिला, आणि हिरव्या लिंका आता तेच बनवतात. चांगल्या बनवतात. ओक्यूसुद्धा न विसरता काढतात.

मी यातून एवढंच शिकले की कुणी लिंक पाठवली तर आधी प्रश्नचिन्हाच्या पुढचं वाचावं, आणि तेवढ्यानं समाधान झालं तर स्वतःवर थोडा संशय घ्यावा. गावाला जाऊन यायची सूचना कोणत्याच पत्त्यात बसत नाही.

आंबेटाकळीचा प्रस्ताव विभागाकडे गेला तेव्हा तिथून पत्र आलं की सोबत गावाची ऑनलाईन लिंक जोडावी. बाईंचा मला फोन आला, काय पाठवू? मी म्हटलं, तुमच्या गावाचे चांगले फोटो नेटवर नाहीतच, मी काढलेले टाकते. टाका, त्या म्हणाल्या, पण आधी भेट पुस्तिकेचं ते पान टाका. मी त्या पानाचा फोटो ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर चढवला, खोडलेल्या ‘साधारण’सकट. अलीकडे एकदा सहज शोधून बघितलं. हिरवा लावला तर तो फोटो येत नाही, तपकिरी लावला तरी येत नाही, कारण पान पांढरं आहे आणि शाई निळी आहे. नुसतं गावाचं नाव टाकलं तर मात्र वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या मधे गव्हाणे साहेबांचं अक्षर स्वच्छ वाचता येतं.